ज्याला आधीच आहे त्याला

११ जानेवारी

आज माझी गादी वर गेली. दाजींनी ती गुंडाळून खांद्यावर घेतली. जिन्याच्या वळणावर ती दोनदा अडकली, तरी त्यांनी मला हात लावू दिला नाही. "तू फक्त चाल," म्हणाले. मी उशी आणि ब्रशांचा डबा घेऊन मागून गेलो.

परवा दवाखान्यात सांगितलं की मला क्षयरोग आहे. थुंकी मशीनमध्ये घालून बघितली. साधा प्रकार आहे, नेहमीच्या गोळ्यांनी बरा होतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वस्तीत घरटी एक तरी माणूस यातून गेलेला आहे, लाजू नकोस." मी लाजलो नव्हतो. मला चिमणीची काळजी लागली होती. चिमणी म्हणजे माझी भाची. अजून नीट बोलत नाही, पण जेवताना माझ्याच मांडीवर बसते आणि माझ्याच ताटातलं खाते.

घर दाजींचं आहे. खाली दोन खोल्या, तिथे ताई, दाजी, चिमणी आणि आतापर्यंत मी. गच्चीवर एक खोली, ती दाजींच्या काकांची. काका पूर्वी ट्रक चालवायचे. त्यांना हा रोग पूर्वी होऊन गेला आहे, म्हणून ताईने लगेच ठरवून टाकलं, "याला वर काकांकडे ठेवू. ज्याला आधीच झालाय त्याला पुन्हा काय होणार?"

दाजींना पटलं. मलाही पटलं. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसंच हे असणार.

काका दारातच उभे होते. म्हणाले, "या मास्तर. या वॉर्डात तुमचा नंबर दुसरा." ते मला मास्तर म्हणतात. मी नववीत शाळा सोडली, पण पाट्या रंगवायचं काम करतो आणि पाटीवर चुकलेली वेलांटी मला बघवत नाही, म्हणून.

खाली बोलायला माणसं होती. काकांशी सगळं बोलण्याइतका धीर अजून आलेला नाही. तोपर्यंत लिहितो.

१४ जानेवारी

खोलीत दोन खाटा बसल्या, पण मध्ये जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा राहिली. खिडकी एकच. तिच्या फटीत काकांनी जुन्या चादरीचे बोळे कोंबले आहेत, गार वाऱ्याने छाती धरते म्हणून. दवाखान्याच्या कागदावर 'खिडक्या उघड्या ठेवा' असं छापलं आहे. मी काकांना वाचून दाखवलं.

"ते खालच्यांसाठी," काका म्हणाले. "खालच्यांना होऊ नये म्हणून तर तू वर आलास. इथे आता कोणाला व्हायचं राहिलंय?"

मी कागदाची घडी करून उशीखाली ठेवली.

काकांचा खोकला जुना आहे. पहाटे सुरू होतो, भरलेली गाडी चढावर घातल्यासारखा. घरात कोणी दखल घेत नाही. ताई तर त्या आवाजावरच चहा ठेवते. मी खोकलो की मात्र खाली सगळे गप्प होतात. मला जिन्यातून कळतं.

माझं ताट वर येतं. काका जेवायला खाली जातात, आणि हल्ली चिमणी त्यांच्या मांडीवर बसते. मला जरा हेवा वाटला. पण तिच्या भल्यासाठीच आहे हे.

२१ जानेवारी

गोळ्या मोठ्या आहेत. उपाशीपोटी घ्याव्या लागतात. लघवी नारिंगी होते. पहिल्या दिवशी मला वाटलं संपलो. काका दाराबाहेरून ओरडले, "अरे औषधाचा रंग आहे तो! पाट्या रंगवतोस आणि रंगाला घाबरतोस?"

मळमळ होते. तरी घेतो. काका समोरच्या खाटेवर बसून बघतात. "आ कर. जीभ वर. गिळलीस? शाबास." मग त्यांच्या गोष्टी सुरू होतात. त्यांनी स्वतः दोनदा औषध सुरू केलं आणि दोनदा सोडलं. "गाडीवर असताना कुठला दवाखाना आणि कुठलं काय. बरं वाटायला लागलं की पाकीट खिडकीतून बाहेर. पण तू माझ्यावर जाऊ नकोस. एक जरी चुकवलीस तर कानाखाली जाळ काढीन."

मी म्हटलं, "काका, मग तुम्ही बरे कसे झालात?"

"झालो की. बसलोय ना समोर?"

९ फेब्रुवारी

पेंटर माझा मालक आहे, पण सगळे त्याला पेंटरच म्हणतात. त्याने मला काढलं नाही. दुकानासमोर उघड्यावर स्टूल मांडून दिलं. म्हणाला, "इथे बस, हवा खा आणि लिही. खोकताना रेघ वाकडी गेली तर ती पाटी तुझ्याच गळ्यात बांधीन."

आज दवाखान्याचंच काम आलं. पाच पाट्या. 'गोळ्या एकही दिवस चुकवू नका.' मी फार मन लावून लिहिल्या. अक्षरांना काळी किनार देण्याची गरज नव्हती, पण दिली.

१७ मार्च

थुंकी स्वच्छ! दवाखान्यातल्या सिस्टर स्वतःहून हसल्या. "असा पेशंट पाहिजे," रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. वजन वाढलं आहे. खोकला जवळजवळ गेला.

ताईने विचारलं, "मग येतोस का खाली?" मीच नको म्हटलं. चिमणीच्या बाबतीत मला घाई करायची नाही. सहाच्या सहा महिने झाले की उतरेन. खरं सांगायचं तर वरही आता करमतं. काका रस्त्यांच्या गोष्टी सांगतात, मी त्यांच्या जुन्या गाडीच्या मागे काय लिहायला हवं होतं ते सांगतो. काकांची छाती या वेळी जास्तच धरली आहे. दिवसभर खोली बंद करून पडलेले असतात. मी कामावरून आलो की त्यांची पाठ चोळून देतो. दुसरं कोण करणार?

२ मे

पुन्हा खोकला. दुकानातल्या रंग पातळ करायच्या तेलाचा असेल. तसा वास घशात बसतोच.

६ मे

तेलाचा नाही. अंगात ताप आहे. ताईला सांगितलेलं नाही. काकांना सांगायची गरज पडली नाही, त्यांनीच कपाळाला हात लावून बघितला आणि पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी ठेवला.

९ मे

थुंकीत पुन्हा जंतू.

सिस्टरनी कागद दोनदा वाचला. मग मला बाजूला घेतलं, पण बाजू म्हणजे रांगेपासून दोन हात. "खरं सांग. मी रागावणार नाही," त्या म्हणाल्या. रागावलेल्या होत्याच.

"एकही चुकवली नाही सिस्टर."

"मग काय, जंतूंनी गोळ्या थुंकून टाकल्या?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. माझ्या डोक्यावर माझीच पाटी होती. मी वर बघितलं नाही.

"औषध काम करत होतं. दोन महिन्यांत तू स्वच्छ झालास. मग बरं वाटलं आणि आळस केलास. असंच होतं नेहमी. मी काय आज या खुर्चीत बसले?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पुढे काही बोललो नाही. गप्प बसलो म्हणजे कबूल केलं असं त्यांना वाटलं असणार. पुन्हा नमुना दिला. तो मशीनमध्ये घालतील, मग मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतील.

घरी येऊन खाट ओढून खाली बघितलं. एखादी गोळी घरंगळून गेली असली तर? एखाद्या दिवशी गिळल्यासारखं वाटलं आणि गिळलीच नसली तर? खाटेखाली धुळीशिवाय काही नव्हतं. तरी समाधान झालं नाही.

१० मे

ताई जिन्यात, मधल्या पायरीवर बसली. त्याच्या वर ती येत नाही.

"मला तरी खरं सांग."

"घेतल्या गं ताई."

"पहिल्या महिन्यात तुला मळमळायचं. तेव्हा एखाद-दुसरी..."

"नाही."

"अरे, चुकतं माणसाचं. मी काय तुला फाशी देणार आहे का?"

खालून दाजी म्हणाले, "घरात लहान मूल आहे म्हणून विचारतोय आम्ही. हौस नाही." दाजी लॉन्ड्रीत दिवसभर वाफेत उभे राहून येतात, त्यांचा आवाज एरवी चढत नाही. आज चढला होता.

लहानपणापासून माझ्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. शिक्षण नाही, तब्येत नाही. पण दिलेलं काम सांगितलं तसं करतो, एवढं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. आता तेही गेलं.

१३ मे

काकांनी इस्त्रीचा शर्ट काढला. मी विचारलं, "कुठे निघालात?"

"साक्ष द्यायला."

मी नको नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही. दवाखाना फार लांब नाही, तरी वाटेत दोनदा कठड्याला टेकून उभे राहिले. आत जाऊन सरळ सिस्टरच्या टेबलासमोर. "बाई, हा पोरगा माझ्यासमोर रोज गोळ्या खातो. मी याच्या तोंडात बोट घालून बघायचंच तेवढं बाकी ठेवलंय. याला खोटं पाडायचं असेल तर आधी मला पाडा."

सिस्टर म्हणाल्या, "काका, घरचे सगळे असंच सांगतात."

"मी घरचा नाही. मी याच्या बहिणीच्या नवऱ्याचा काका. तुम्हीच सांगा, मला काय पडलंय?"

रांग पुन्हा हसली, पण या वेळी आमच्या बाजूने. काकांना जोर आला. ते आणखी काही बोलणार तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. टेबल धरून उभे होते. डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या.

"हा खोकला कधीपासून आहे?"

"कोणता? हा?" काका डोळे पुसत म्हणाले. "हा काय खोकला आहे?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात थुंकीची डबी दिली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "साक्षीदाराचीच झडती? ही कुठली पद्धत रे?" पण डबी भरून दिली.

येताना मी त्यांचा हात धरला होता. माझ्यासाठी आजवर कोणी कुठे भांडायला गेलेलं नाही.

१७ मे

काकांनाही आहे.

साधा नाही. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा, हट्टी प्रकार. माझ्या नव्या नमुन्यातही तोच हट्टी प्रकार निघाला. दोघांचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत गेले आहेत. तिथून सगळं नीट कळायला काही आठवडे लागतील. तोपर्यंत आम्ही दोघांनी वेगवेगळं झोपायचं, खिडकी उघडी ठेवायची, दोघांनी मास्क लावायचा. चिमणीला तपासायला न्यायचं.

दाजी जिन्याच्या तोंडाशी उभे राहून बोलले. "तू अर्धवट गोळ्या खाऊन जंतू माजवलेस, आणि ते माझ्या काकांना दिलेस. या वयात. त्यांनी तुला खोलीत घेतलं, त्याचे हे पांग फेडलेस."

काका आत होते. मला वाटलं, ते आता बाहेर येतील आणि दवाखान्यात बोलले तसं काहीतरी बोलतील. ते आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून होते.

दाजी खाली गेल्यावर उठले. खिडकीच्या फटीतले बोळे एकेक करून उपसून काढले. खिडकी सताड उघडली. मग स्वतःची खाट ओढत बाहेर नेली, गच्चीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याच्या सावलीत. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाले, "लांब राहा."

त्यांचा राग मी समजू शकतो.

२० मे

चिमणीचा एक्स-रे स्वच्छ आला. जीव भांड्यात पडला. तरी काही महिने लक्ष ठेवायला सांगितलं आहे. ताईने खालूनच ओरडून सांगितलं. काका गच्चीच्या कठड्याशी उभे होते. ते ऐकून तिथेच मटकन खाली बसले आणि टॉवेल तोंडावर धरून बराच वेळ बसून राहिले. ऊन फार होतं.

२३ मे

माझी नवी औषधं सुरू झाली. पाय चुरचुरतात, तोंडाला चव नाही. काका मात्र घ्यायला तयार नाहीत. सिस्टर स्वतः घरी आल्या होत्या. काका म्हणाले, "माझं झालं आता. माझी औषधं या पोराला द्या."

"काका, ती काय मिठाई आहे का वाटून घ्यायला?" सिस्टर म्हणाल्या.

"मग ठेवा कपाटात."

मी माझ्या टोकाहून बोलून बघितलं. आमच्यामध्ये अख्खी गच्ची असते. मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे झालंय, मला कळतंय. मला शिव्या द्या, पण औषध घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. म्हणाले, "माझ्याकडे असं बघत जाऊ नकोस रे." आणि पाठ फिरवली.

माझं तोंडही बघवत नाही त्यांना.

३ जून

दाजींनी आज स्पष्ट सांगितलं. औषध पूर्ण होईपर्यंत राहायचं, माणुसकी म्हणून. मग आपली सोय बघायची. जिन्यातून दिसत होतं, ताई चुलीकडे तोंड करून उभी होती. तिने बोलावं असंही मला वाटलं नाही, तिला त्याच घरात राहायचं आहे.

पेंटरला विचारलं, दुकानाच्या माळ्यावर झोपता येईल का. तो म्हणाला, "तिथे पत्रा तापतो, तुझा पापड होईल." मग म्हणाला, "बघू." काका दिवसेंदिवस वाळत चालले आहेत. माझा बिछाना कुठे पडणार यापेक्षा मला त्यांचीच धास्ती आहे. ते औषधाशिवाय गेले तर मी कितीही बरा झालो तरी काय उपयोग?

११ जून

आज जे झालं ते सगळं नीट लिहितो.

मोठ्या प्रयोगशाळेचा निकाल आला आणि डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत बाकं मांडली आहेत, तिथे बसलो. दाजी, ताई, ताईच्या मांडीवर चिमणी, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला काका. काका येत नव्हते. ताई म्हणाली, "तुम्ही नाही आलात तर मी जेवणार नाही," तेव्हा आले. सिस्टर दाराला टेकून उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या. "तुझा जानेवारीतला नमुना प्रयोगशाळेत जपून ठेवलेला होता. तो आणि मेमधला, दोन्ही शेजारी ठेवून तपासले. तू गोळ्या चुकवल्या असत्यास तर तुझा पहिलाच जंतू हट्टी झाला असता. तसं झालेलं नाही. तुझ्या छातीत दोन वेगळे जंतू आहेत. दोन वेगळ्या घराण्यांचे म्हण. साधा होता तो तुझ्या गोळ्यांनी मरत आला. आणि तो मरत गेला तशी हट्ट्याला जागा मोकळी झाली."

मी विचारलं, "एका माणसाला दोन?"

"जिथे रोग इतका पसरलाय तिथे होतं असं. एक एकाकडून, दुसरा दुसऱ्याकडून."

ताई म्हणाली, "पण ज्याला आधीच आहे त्याला पुन्हा कसा होईल?"

"का नाही होणार? एक चालू असतानाही दुसरा लागतो. आधीच्याने काही दार बंद होत नाही."

ताईने तोंडावर हात ठेवला. मग ती माझ्याकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. चिमणी तिची बांगडी ओढत होती, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. आपला मास्क घरी राहिला हे तिच्या आत्ता ध्यानात आलं असावं.

सिस्टर दाराशी जरा हलल्या. म्हणाल्या, "म्हणजे पोरगा खरं बोलत होता." मग आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला आणि माझ्या हातात दिला. मी मागितला नव्हता.

मला तेव्हा फार हलकं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण दाजींनी विचारलं, "आणि काकांना कोणता?"

"फक्त हट्टी. याच्यातल्या दुसऱ्यासारखाच आहे तो."

"म्हणजे हा बाहेरून कुठून तरी घेऊन आला आणि काकांना दिला, असंच ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याच्यात तो आधीपासून थोडा होता आणि मशीनला दिसला नाही, असंही असेल. नंतर लागला असंही असेल. कोणाकडून कोणाला गेला ते कागदावरून सांगता येत नाही."

दाजी म्हणाले, "सांगायला कशाला पाहिजे? सरळ आहे." त्यांचं खरं होतं. मीही तोपर्यंत मनात तोच हिशोब मांडला होता. काकांकडे एक, माझ्याकडे दोन. ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडूनच जाणार.

मी मान खाली घातली. तेवढ्यात काका उठून उभे राहिले. बाकाचा आधार घेतला होता.

"माझ्याकडून गेला," काका म्हणाले.

दाजी म्हणाले, "तुम्ही बसा काका."

"बसत नाही. तीन आठवडे तेच केलं, पडून राहिलो. तू याला वाटेल ते बोललास आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "बाई, मी दोनदा औषध सोडलेलं आहे. हा खोकला माझ्या छातीत कधीचा आहे ते या सगळ्यांना माहीत आहे. या पोराला माझ्या खोलीत घातलं, मी खिडकीला बोळे लावून त्याला शेजारी झोपवलं. रोज याच्या गोळ्या तपासल्या आणि रोज याच्या तोंडावर खोकलो. तुमचा कागद सांगत नसेल तर मी सांगतो. लिहून घ्या."

"काका, असं कोणी ठामपणे सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या.

"मी सांगतोय ना!"

ताई रडायला लागली. "मीच पाठवलं त्याला वर," म्हणाली. तिला वाटतं सगळं आपल्यामुळेच होतं, लहानपणापासून तशीच आहे ती. दाजी जमिनीकडे बघत होते. मला काय करावं ते सुचत नव्हतं, कारण काका खोटं बोलत होते हे उघड होतं. दाजींनी मला घरातून काढू नये म्हणून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने स्वतःवर घेतलं त्यांनी. माझ्यासाठी!

मी उठून त्यांच्याजवळ गेलो. फार जवळ नाही. मास्क होताच. म्हटलं, "काका, तुम्ही हे माझ्यासाठी बोलताय."

काका माझ्याकडे बघत राहिले. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. "गाढवा," ते म्हणाले. "अरे, खरंच..." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मी म्हटलं, "बरं, तुमचंच खरं. पण मग औषध घ्या. तुमच्याकडून मला लागला ना? मग तो निस्तरायला तुम्ही नको का? मी एकट्यानेच का गिळायच्या?"

सिस्टर म्हणाल्या, "आता बोला काका. अडकलात."

काकांनी बाहीने नाक पुसलं. "आणा," ते म्हणाले. "आणा ती मिठाई."

त्यांचं औषध आजपासूनच सुरू झालं.

येताना दाजी आणि मी मागे राहिलो. दाजी कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबले आणि दुसरीकडेच बघत म्हणाले, "तुला त्या औषधावर अंडी लागतात ना रे? दोन पुरतात की चार घेऊ?"

मी दोन म्हटलं. त्यांनी सहा घेतली.

१२ जून

काका औषधाच्या मळमळीने आडवे झाले आहेत, टाकीशेजारी, पत्र्याखाली. मी माझ्या टोकाला बसून लिहितो आहे. गच्चीवर छान वारा आहे. आमचं बोलणं ओरडूनच होतं, त्यामुळे ते सगळ्या गल्लीला कळतं. सकाळी काका ओरडले, "मास्तर, या गोळ्यांपेक्षा जंतू गोड होते!" समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हसायला लागली.

ताई आज पहिल्यांदा मधली पायरी ओलांडून वर आली. दोघांना दोन वेगळ्या कोपऱ्यांत चहा दिला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मला माफ कर." कशाबद्दल ते मला समजलं नाही. मी "हो" म्हटलं, तिला बरं वाटावं म्हणून.

काल रात्रीपासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दाजींना, ताईला खरं सांगायला हवं, की काकांनी माझा दोष स्वतःवर घेतला आहे. पण आत्ता सांगितलं तर काका पुन्हा औषध सोडतील, ही भीती वाटते. म्हणून असं ठरवलं आहे की काका पूर्ण बरे होईपर्यंत गप्प राहायचं. तोवर त्यांच्या त्या खोट्याच्या सावलीत राहीन. ते बरे होऊन जिना धडधडत उतरायला लागले, की त्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगणार आहे की त्यांची काहीच चूक नव्हती.